माहेरचं पान

यंत्राचं उद्घाटन झालं तेव्हा मंत्रिमहोदय म्हणाले होते, "हे यंत्र कधीही डावं-उजवं करणार नाही." टाळ्या पडल्या. मागे उभे असलेले इंजिनिअर मात्र ओठ दाबून हसले, कारण डावं-उजवं करण्यापलीकडे त्या यंत्राला दुसरं कामच नव्हतं.

कृष्णाकाठी महापूर दर पावसाळ्याचा पाहुणा झाला, तेव्हा सरकारनं नदीला समांतर मोठे कालवे खणले. वरून आलेलं पाणी पहिल्या दरवाजापाशी दोन वाटांनी फुटतं, डावी आणि उजवी. पुढे प्रत्येक वाटेवर पुन्हा दरवाजा, पुन्हा दोन वाटा. असं होत होत शेवटची वाट कुठल्या तरी गावाच्या शिवारात जाऊन संपते. हे सगळं कागदावर काढलं की झाड दिसतं, पण उलटं. मूळ वर, पानं खाली. पूर-वाटप केंद्रातली माणसं त्याला पिंपळ म्हणत.

पिंपळाच्या प्रत्येक पानावर एक आकडा असे, घराघराच्या कार्डावरून घेतलेला, त्या गावात राहणाऱ्या माणसांचा. दोन पानं जिथं जुळतात त्या फाट्यावर दोघांची बेरीज. दोन फाटे जिथं जुळतात तिथं त्यांची बेरीज. असं चढत चढत मुळाशी सगळ्या खोऱ्याची माणसं. पाणी खाली येताना प्रत्येक फाट्यावर यंत्र फक्त एवढंच बघायचं, की डावीकडे जीव जास्त की उजवीकडे. जिकडे कमी, तिकडे पाणी. एका पानावरचा आकडा बदलला की त्याच्या वरचे सगळे फाटे मुळापर्यंत बदलत, आणि मग पाणी कुठच्या कुठे वळे. हिशेब इतका सरळ, की लहान पोरालाही पटावा. आणि पटला म्हणूनच घात झाला.

पहिल्याच वर्षी प्रत्येक सरपंचानं आपल्या गावची माणसं फुगवून सांगितली. एका गावानं तर वारलेले आजोबा-पणजोबाही जिवंत केले. तेव्हापासून मूळ कुलूपबंद झालं. खोऱ्याची एकूण बेरीज बदलायची नाही. कुणाचा आकडा वाढवायचा असेल तर तेवढा दुसऱ्या कुणाचा तरी घटला पाहिजे. माणूस नव्यानं जन्माला घालता येत नव्हता, फक्त एका पानावरून दुसऱ्या पानावर हलवता येत होता.

पंचमीच्या दिवशी दुपारी पूर्वा चौगुले आपल्या पडद्यासमोर बसली होती. सातव्या फाट्यापासून पुढचे सगळे तिच्याकडे. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. पण घाटात पहाटे ढग फुटला होता आणि ते पाणी आता खाली यायला लागलं होतं. एरवी यंत्र पाणी विभागून शिवारात पसरवायचं, लोकांच्या उंबऱ्याला शिवायचं नाही. आजचं पाणी तसं मावणारं नव्हतं. सातव्या फाट्यावर ते अर्धं-अर्धं केलं तर दोन्हीकडची गावं डोक्याइतक्या पाण्यात जाणार होती. सगळं एकीकडे सोडलं तर दुसरं वाचणार होतं.

डावं पान मळईवाडी, माणसं चारशे बारा. उजवं पान करंजवड, माणसं सातशे ऐंशी.

यंत्रानं निकाल लावून टाकला होता. पाच वाजता दरवाजा डावीकडे उघडणार.

करंजवड पूर्वाचं सासर. मळईवाडी माहेर. आणि तिची आठ वर्षांची रेवा कालपासून मळईवाडीला होती, आजोळी, पंचमीचे झोके खेळायला.

तिनं भावाला फोन लावला. संग्रामनं उचलला, पण आधी फेराची गाणीच ऐकू आली.

"दादा, गावातनं सगळ्यांना बाहेर काढ. पाणी तिकडं येणार आहे."

"कशानं काढू? पूल सकाळीच पाण्याखाली गेलाय. एक होडी हाय, तिला भोक हाय." मग त्याचा आवाज बदलला. "किती पाणी?"

"घरांच्या वर."

तो गाण्यांपासून लांब सरकला, आवाज मागे पडले.

"दादा, गावात माणसं किती आहेत?"

"आज? अगं, आज गाव ओसंडून चाललंय. सगळ्या लेकी आल्यात, त्यांची पोरं आल्यात. घराघरात पुरणाची दिंडं उकडाय लागल्यात. वर्षातनं एकदाच तर गावात बायकांचा आवाज ऐकू येतो."

पूर्वानं पडद्याकडे बघितलं. चारशे बारा. त्यात रेवा नव्हती. रेवा कार्डानुसार करंजवडची. आज मळईवाडीत फेर धरणारी एकही लेक मळईवाडीच्या पानावर नव्हती.

पंचमीला लेकी माहेरी जातात हे ठाऊक नाही असा माणूस त्या केंद्रात एकही नव्हता. तरी यंत्र बसवताना कुणाच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं असतं तरी कुणी म्हणालं असतं, की प्रत्येक गावच्या सुना जातात तशा लेकी येतातही, फिटंफाट होते. बहुतेक गावांत होतेही. मळईवाडीत होत नव्हती, आणि त्याला कारण पिंपळच होता.

मळईवाडी पहिल्यापासून जरा लहान, म्हणून पहिल्या पुरात पाणी तिकडे गेलं. दुसऱ्यातही. मग लोक म्हणायला लागले, बुडत्या गावात मुलगी कोण देणार? सुना यायच्या थांबल्या. संग्राम अडतिसाव्या वर्षी बिनलग्नाचा होता, आणि गावात त्याच्यासारखे साठ-सत्तर. सून नाही म्हणून पोरं नाहीत, पोरं नाहीत म्हणून आकडा आणखी खाली, आकडा खाली म्हणून पुढचं पाणी पुन्हा तिकडेच. यंत्र माणसं मोजत होतं असं सगळ्यांना वाटत होतं. खरं तर ते माणसं घटवत होतं. गावानं लेकी मात्र धडाधड बाहेर दिल्या, निम्म्याहून जास्त शेजारच्या उंचावरच्या करंजवडला. आज त्या सगळ्या परत आल्या होत्या.

ती उठून किणीकर साहेबांकडे गेली. किणीकर केंद्राचे प्रमुख. मुळाला कुलूप त्यांनीच घातलं होतं, आणि त्याबद्दल त्यांनी इतक्या शिव्या खाल्ल्या होत्या की आता आणखी खायची त्यांची तयारी होती.

"साहेब, सातव्या फाट्याचं डावं पान चुकलंय. तिथं आज सहाशेच्या वर माणसं आहेत."

"कशावरून?"

"पंचमी आहे."

किणीकरांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की त्यांना लगेच समजलं आणि समजायला नको होतं.

"करंजवडलाही लेकी आल्या असतील की."

"करंजवडच्या मुली पुण्या-बेंगलोरला दिलेल्या. त्या दिवाळीला येतात, गाड्या घेऊन."

"पूर्वा, तुमची मुलगी कुठं आहे?"

तिनं सांगितलं.

"मग तुमच्या शब्दावर मी आकडा कसा बदलू? उद्या करंजवडमध्ये कुणी वाहून गेलं तर मी काय सांगू? बाईंची मुलगी पलीकडे होती म्हणून पाणी अलीकडे सोडलं?" ते चिडून बोलत होते, पण काढलेला चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होते. "रीत आहे ना. कार्डाच्या कुटुंबप्रमुखानं आपल्या फोनवरून अंगठा देऊन ठिकाणबदल टाकायचा. तुम्ही तो मान्य करायचा. आला तर मी अडवणार नाही."

रीत होती खरी. रेशनकार्डासारखीच. कुटुंबप्रमुख म्हणजे घरातली सगळ्यात मोठी बाई. म्हणजे मळईवाडीत झोके घेणाऱ्या प्रत्येक लेकीला तिथल्या पानावर आणायचं असेल, तर अंगठा पाहिजे तिच्या सासूचा. आणि निम्म्या सासवा करंजवडच्या. त्यांनी सुना-नातवंडं पलीकडच्या पानावर पाठवली की त्यांचं स्वतःचं पान तेवढंच हलकं होणार, आणि पाणी त्यांच्याच दारात येणार.

संग्रामनं झोक्याखाली सगळ्या लेकींना गोळा केलं. फोन चालूच ठेवला होता, पूर्वाला सगळं ऐकू येत होतं. आधी गोंधळ, मग रडारड, मग फोनवर फोन. लांबच्या गावांच्या सासवांनी पटापट अंगठे दिले. त्यांची गावं दुसऱ्या फांद्यांवर, उंचावर, त्यांना भीती नव्हती. पडद्यावर एकेक नाव येई, पूर्वा मान्य करी, डावं पान एकानं, दोनानं, चारानं वाढे. पाचशेच्या पुढे जाऊन ते थांबलं.

करंजवडचं एकही नाव येत नव्हतं.

"मी न्हाई लावणार फोन," कुणीतरी ओरडत होतं. शालन, पूर्वाची वर्गमैत्रीण, करंजवडच्याच दूध संस्थेच्या मॅनेजरची बायको. "माझा नवरा तिकडं हाय. दीर हाय. मी हिकडं बसून त्यांच्यावर पाणी सोडू?"

"तुझी दोन पोरं हिकडं हाईत की," संग्राम म्हणाला.

"व्हय, हाईत!" शालन म्हणाली, आणि पोरांना हाका मारायला लागली.

तीन वाजून गेले होते. पूर्वानं सासूला फोन लावला.

सासूचं नाव मालन, पूर्वा तिला आत्या म्हणायची. जिभेला हाड नसलेली बाई. बुडत्या गावची मुलगी नको म्हणून लग्नाच्या आधी दोन दिवस जेवली नव्हती, आणि लग्नानंतर दोन वर्षं पूर्वाच्या हातचं जेवली नव्हती. अलीकडे जेवायची, पण मीठ कमी आहे हे सांगून.

पूर्वानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सांगताना तिला स्वतःचीच किळस येत होती. आपण एका म्हातारीला तिच्या घरावर पाणी ओढून घ्यायला सांगतोय, हे तिला पुरतं कळत होतं.

आत्यानं मध्ये तोंड घातलं नाही. असं पहिल्यांदाच घडलं.

"हिकडं पाणी किती यील?"

"उंचावरची घरं पहिल्या मजल्यापर्यंत. नदीकडची आळी पूर्ण."

"आन् तिकडं?"

"तिकडं मजलेच नाहीत, आत्या. मातीची घरं आहेत. वर चढायला काही नाही."

"तुझ्या मामाचं काय?" मामा म्हणजे सासरे. अर्धांगवायूनं वर्षभर अंथरुणात.

"त्यांना यांनी आत्ताच माडीवर न्यायला पाहिजे."

"ह्यांनी म्हंजे आमच्या धैर्यानं. बरं." "मी तुला सांगितलं हुतं, पोरीला पंचमीला पाठवू नगो."

"सांगितलं होतं."

"ऐकलीस का?"

"नाही ऐकलं, आत्या." पूर्वा रडायला लागली.

"रडतीयास काय, बटण दाब. रेवाचं नाव आलं का बघ."

पडद्यावर नाव आलं होतं. रेवा धैर्यशील चौगुले. नवीन ठिकाण, मळईवाडी. पूर्वानं मान्य केलं. डावीकडे एक वाढला, उजवीकडे एक घटला. सबंध झाडात पानाएवढी हालचाल झाली आणि वरची बेरीज जागच्या जागी राहिली.

"एकानं काय हुतंय," आत्या म्हणाली. "थांब, संस्थेत जाती."

करंजवडच्या दूध संस्थेवर भोंगा होता, दूध घालायची वेळ सांगणारा. संस्था नदीकडच्या आळीत. आत्यानं फोन चालूच ठेवला होता, त्यामुळे तिची चप्पल, तिचा दम, शालनच्या नवऱ्याशी झालेलं तिचं भांडण, सगळं पूर्वाला ऐकू आलं. मग भोंगा खरखरला.

"मी मालन चौगुले बोलती. ज्यांच्या सुना मळईवाडीला गेल्यात त्यांनी ऐका. पाच वाजता त्यांच्यावर पाणी सोडायल्यात. तिकडं आपली नातवंडं हाईत. आपली! दुसऱ्या कुणाची न्हाईत. सुनंला बोल लावायला वर्षभर हाय, आज अंगठा लावा. आन् अंगठा लावला की खाली थांबू नका, म्हातारी माणसं घेऊन वर चढा. हिकडं पाणी येणार हाय. मी खोटं सांगत न्हाई, येणार हाय."

तिनं हे पुन्हा सांगितलं. मग नावं घ्यायला सुरुवात केली. कुणाच्या सुनेचं लग्न कुणी जमवलं, कुणाच्या नातवाच्या बारशाला कोण रुसून गेलं होतं, कुणाच्या घरात सून आल्यावरच चूल दोनदा पेटायला लागली, सगळं भोंग्यावर. एरवी कुणी ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी बायका दारात येऊन ऐकत होत्या.

नावं यायला लागली. आधी एक, मग चार, मग पडदा भरून. पूर्वा मान्य, मान्य, मान्य दाबत होती. उजवीकडचा आकडा सातशेच्या खाली आला, डावीकडचा सहाशेच्या वर गेला. किणीकर तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. खोलीतल्या बाकीच्यांनी आपापले पडदे सोडले होते.

पाचला थोडाच अवकाश असताना नावं थांबली.

डावीकडे सहाशे चव्वेचाळीस. उजवीकडे सहाशे चव्वेचाळीस.

"बरोबरी," कुणीतरी म्हणालं.

बरोबरी झाली तर पाणी डावीकडे. हे कुणी ठरवलं नव्हतं. यंत्राला काहीतरी सांगावं लागतं म्हणून कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलं होतं.

"आत्या, अजून एक पाहिजे," पूर्वा फोनमध्ये ओरडली. "फक्त एक!"

"आता कोण र्‍हायलं न्हाई. शिंद्याची म्हातारी हाय, पर तिचा फोनच बंद हाय." भोंग्याची खरखर ऐकू येत होती. "थांब. एक हाय की."

"कोण?"

"तू."

"मी तिकडं नाहीये, आत्या. मी इथं आहे, केंद्रात."

"मला म्हाईत न्हाई व्हय तू कुठं हाईस ते?"

पडद्यावर ओळ आली. पूर्वा धैर्यशील चौगुले. जुनं ठिकाण, करंजवड. नवीन ठिकाण, मळईवाडी. कुटुंबप्रमुखाचा अंगठा जुळला आहे. खाली दोन चौकटी, मान्य आणि अमान्य.

"जा माहेरी," आत्या म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं म्हणत हुते, हिला कायमची माहेरी धाडीन. धाडली."

दुपारपासून आलेलं प्रत्येक नाव खरं होतं. जी बाई, जे पोर मळईवाडीत होतं तेच तिथं लिहिलं गेलं होतं. हे एकच नाव खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं, कारण ती बाई त्यांच्यासमोर खुर्चीत बसली होती.

"पूर्वा," किणीकर म्हणाले, "अमान्य करा. तुम्ही इथं आहात."

तिनं मान्य दाबलं.

सहाशे पंचेचाळीस, सहाशे त्रेचाळीस. किणीकरांच्या गळ्यात कुलपाची किल्ली होती. ती वापरली असती तर सगळा बदल मागे घेता आला असता. ते किल्लीला हात लावून उभे राहिले, आणि तसेच उभे राहिले. पाच वाजता सातव्या फाट्याचा दरवाजा उजवीकडे उघडला.

"आत्या, निघा तिथनं! वर जा!"

"जाती. शिंद्याची म्हातारी अजून वर चढली न्हाई, तेवढं सांगती आन् जाती."

तिनं ते भोंग्यावर सांगितलं. मग आणखी कुणाचं तरी नाव घेतलं, मग आणखी कुणाचं. प्रत्येक वेळी पूर्वा म्हणत होती, निघा, आणि प्रत्येक वेळी आत्याला एक घर राहिलेलं दिसत होतं. धैर्यशील वडिलांना पाठीवर घेऊन माडीवर पोचला तेव्हा त्याला आईचा आवाज ऐकू येत होता. मग भोंगा थांबला. फोनही थांबला.

करंजवडमध्ये तीन माणसं गेली. मळईवाडीत कुणीच नाही.

चौकशी बसली. मी मळईवाडीत नव्हते, असं पूर्वानं लिहून दिलं. किणीकरांनी लिहून दिलं, की मान्य दाबलं तेव्हा मी मागे होतो आणि माझ्याकडे किल्ली होती. दोघांनाही घरी बसवलं. करंजवडच्या घराच्या खालच्या खोल्या चिखलानं भरल्या होत्या, म्हणून पूर्वा मळईवाडीला रेवाजवळ येऊन राहिली. आत्याच्या दिवसकार्याला गेली तेव्हा धैर्यशील तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

तेराव्यानंतर तो आला. डोकं भादरलेलं. संग्रामनं पाय धुवायला पाणी दिलं.

"मूळ आलं गं," पूर्वाची आई आतून म्हणाली आणि तिथंच हुंदका दिला. लेकीला सासरी न्यायला जे माणूस येतं त्याला तिकडं मूळ म्हणतात. दरवर्षी पंचमीनंतर आत्या स्वतः येई, आणि दारातूनच भांडत येई.

धैर्यशील सोप्यात बसला. रेवा त्याच्या मांडीवर जाऊन बसली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"कार्ड बघितलं," तो म्हणाला. "आई गेली आणि तू इकडची झालीस. त्यावर आता बाईच नाही, म्हणून प्रमुखाची जागा रिकामी आहे. तुला परत तिकडं घ्यायचं तर प्रमुखाचा अंगठा लागतो."

"मग?"

"मग काय. चल."

पूर्वा उठली नाही. "तुमच्या मनात काय आहे ते बोला आधी."

"तुझा राग येतो," तो म्हणाला. "रोज येतो. रेवाला बघितलं की जातो, आणि परत येतो. चल तरी. बाबांना इतक्या दिवसांत घरात बांगड्यांचा आवाज ऐकू आला नाही, ते सारखे दाराकडं बघतात."

तिनं पिशवी भरली. आईनं ओटी भरली, रेवाच्या हातात पंचमीचा उरलेला लाडू दिला. लेक निघाली की आई विचारते, परत कधी येशील. त्या दिवशी आईनं विचारलं नाही, आणि पूर्वानंही सांगितलं नाही.